वडिलांची ऑक्टोबरची गुणपत्रिका

पत्र : माझ्या मुलाला या वर्षी दहावीला ६१.४० टक्के मिळाले. त्याच्या चुलत भावाला ९४ टक्के आहेत आणि त्याच्या अभिनंदनाचा डिजिटल फलक आमच्या गल्लीच्या तोंडालाच लागला आहे. ह्यांचे उद्यमनगरात लेथचे छोटे वर्कशॉप आहे. मुलाने सायन्स घेऊन इंजिनिअर व्हावे, अशी ह्यांची फार इच्छा. निकाल लागल्यापासून हे मुलाशी एक शब्दही बोललेले नाहीत. ‘भावकीत आता काय तोंड दावायचं?’ एवढेच एकदा म्हणाले. मुलगा जेवायला बोलावले की भूक नाही म्हणतो. संध्याकाळी गंगावेशीतून दूध आणायचे कामही त्याने सोडले आहे, कारण वाटेत तो फलक आहे. परवा म्हणाला, ‘मी घरात नसलो तर सगळ्यांनाच बरं पडंल.’ पेपर परत तपासायला द्यावेत का? डोनेशन भरून सायन्सला घालावे का? मुलगा स्वतः डिप्लोमा नाहीतर आयटीआय म्हणतो. हे ऐकूनच घेत नाहीत. आणखी एक गोष्ट लिहू की नको, असे झाले आहे. जातीच्या दाखल्याची कागदपत्रे शोधताना कपाटातल्या फाइलमध्ये ह्यांची दहावीची गुणपत्रिका सापडली. हे मार्चमध्ये इंग्रजीत नापास होऊन ऑक्टोबरला पास झाले होते. लग्नाला अठरा वर्षे झाली, पण मलाही हे माहीत नव्हते. मुलाच्या गुणपत्रिकेची प्रत सोबत जोडली आहे.
— एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारले आहे ते पेपर तपासणीविषयी आणि प्रवेशाविषयी. परंतु पत्र वाचताना मी थांबले ते तुमच्या मुलाच्या वाक्यापाशी. त्याविषयी काय करावे, हे पत्र हाती आले त्याच दिवशी मी तुम्हाला स्वतंत्रपणे कळवले आहे. तरीही ते इथे पुन्हा लिहिते, कारण निकालानंतरच्या या दिवसांत असेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत इतरही घरांत बोलले जात असेल आणि ‘रागाच्या भरात बोलला’ असे म्हणून सोडून दिले जात असेल. ते सोडून देऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि सरळ विचारा, ‘तू असं म्हणालास, तेव्हा जीव द्यायचा विचार मनात आला होता का?’ असे विचारल्याने मनात नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, अशी भीती आईवडिलांना वाटते. तसे होत नाही. ज्याच्या मनात तो विचार घोळत असतो, त्याला कोणीतरी थेट विचारले याचाच आधार वाटतो. उत्तर ‘हो’ आले, किंवा तो उत्तर टाळत राहिला, तर त्याला एकटे ठेवू नका, घरातली औषधे आणि कीटकनाशके त्याच्या हाताशी राहणार नाहीत असे पाहा आणि त्याच दिवशी छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयातल्या मनोविकार विभागात किंवा ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याला घेऊन जा. शासनाची टेलिमानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते. उत्तर ‘नाही’ आले, तरीही पुढचे काही दिवस त्याच्या जेवणाकडे आणि झोपेकडे लक्ष असू द्या. दोन आठवड्यांनीही तो असाच मिटलेला राहिला, तर डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.

आता तुमच्या यजमानांच्या अबोल्याविषयी. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे गुणपत्रिका वाटपाच्या दिवशी टेबलापाशी बसण्याचे काम माझ्याकडे होते. त्यातला एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. एका वडिलांनी मुलाच्या हातातली गुणपत्रिका घेतली, वरून खाली एकदा पाहिली, तिच्या चार घड्या केल्या, शर्टाच्या खिशात घातल्या आणि मुलाकडे न बघता ते फटफटीकडे चालू लागले. मुलगा मागून धावत गेला आणि गाडी सुरू होताना कसाबसा मागे बसला. पण वडिलांच्या खांद्याला धरायचा त्याला धीर होईना, म्हणून त्याने मागच्या कॅरिअरला दोन्ही हातांनी घट्ट धरले. तो मुलगा उत्तीर्ण झाला होता. त्या वडिलांना राग आला होता की रडू येत होते, हे मला आजही सांगता येणार नाही आणि त्या मुलालाही ते त्या वेळी कळले नसणार. अबोल्यात नेमकी हीच अडचण असते. बोलून रागावलेला बाप निदान कशावर रागावला आहे ते सांगतो. न बोलणाऱ्या बापाच्या मनात काय आहे, हे पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःच ठरवावे लागते आणि तो ते स्वतःच्या विरोधातच ठरवतो. ‘मी घरात नसलो तर’ हे वाक्य कोणी त्याच्या कानात घातलेले नाही. घरातल्या शांततेतून त्याने ते तयार केले आहे.

त्यामुळे पेपर तपासणी, डोनेशन, डिप्लोमा या सगळ्याच्या आधी यजमानांनी मुलाशी बोलणे हे काम आहे, आणि त्या बोलण्याची सुरुवात कुठून करायची, ते तुम्हाला कपाटातल्या फाइलमध्ये सापडले आहे.

त्या काळी मार्चमध्ये नापास झालेल्यांची पुरवणी परीक्षा ऑक्टोबरमध्ये होत असे आणि ‘ऑक्टोबरची वारी’ हा शब्द किती सहज, किती हसून उच्चारला जाई, हे त्या पिढीतल्या कोणालाही आठवेल. तिचा निकाल लागेपर्यंत बरोबरीची मुले अकरावीचे अर्धे वर्ष संपवत आलेली असत, म्हणजे इंग्रजीच्या एका पेपरापायी अख्खे वर्ष हातचे जाई. तुमच्या यजमानांनी ते सहा-सात महिने कसे काढले असतील, याची कल्पना करून पाहा. ज्या माणसाने ही गोष्ट अठरा वर्षे बायकोलाही सांगितली नाही, त्याच्या मनातली ती जखम अजून भरलेली नाही. मुलाचे ६१ टक्के पाहून त्यांना भावकी आठवली; मला वाटते, त्या भावकीपुढे ते स्वतः एकदा खाली मान घालून उभे राहिले असावेत.

म्हणूनच ही गुणपत्रिका फार जपून हाताळा. भांडणाच्या भरात, विशेषतः मुलासमोर, ‘तुम्ही तरी कुठे एका दमात पास झाला होतात?’ असा शब्द चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका; तो एकदा बाहेर पडला की बाप आणि मुलगा दोघेही तुम्हाला दुरावतील. मुलगा घरात नसताना यजमानांना सांगा की दाखल्याची कागदपत्रे शोधताना गुणपत्रिका दिसली, तुम्हाला त्याचे काहीच वाईट वाटले नाही, आणि ही गोष्ट मुलाला त्यांच्याच तोंडून कळावी असे तुम्हाला वाटते. एवढे बोलून थांबा. ते चिडतील, विषय बदलतील, कदाचित दोन दिवस तुमच्याशीही बोलणार नाहीत. तरी त्यांना वेळ द्या.

मुलाशी बोलताना त्यांनी ‘मी नापास होऊनही बघ कसा उभा राहिलो’ अशा सुरात बोलू नये, कारण त्या सुरात सांगितलेली गोष्ट मुलाला उपदेशच वाटते. जे घडले तेवढेच सांगावे : निकाल कुठे पाहिला, सोबत कोण होते, घरी कोणी सांगितले, त्यांचे वडील काय बोलले किंवा बोलले नाहीत, ऑक्टोबरपर्यंतचे दिवस कसे गेले. जागा म्हणून मी वर्कशॉप सुचवीन, संध्याकाळी मशिन बंद झाल्यावर, आवराआवर करताना. ही वयात आलेली मुले समोर बसवून बोलले की मान खाली घालतात, पण शेजारी उभे राहून हाताने काही करत असताना ऐकतात आणि बोलतातही. शाळेत मला हे कळायला दहा वर्षे लागली.

आता पेपरांकडे वळू. तुम्ही पाठवलेली गुणपत्रिका मी नीट पाहिली : मराठी ६८, हिंदी ६६, इंग्रजी ४८, गणित ४१, विज्ञान ५७ आणि सामाजिक शास्त्रे ६८. राज्य मंडळ टक्केवारी काढताना सहापैकी अधिक गुणांचे पाच विषय धरते, म्हणून तुमच्या मुलाचे पाचशेपैकी ३०७ झाले आणि गुणपत्रिकेवर ६१.४० आले. जो विषय या बेरजेत धरला गेला नाही, तो गणित आहे. सहाही विषय धरले असते तर बरोबर ५८ टक्के झाले असते. तुमच्या घरात आणि भावकीत गेले कित्येक दिवस ज्या आकड्याची चर्चा चालू आहे, त्यात गणित नाहीच. आणि सायन्स असो, डिप्लोमा असो की आयटीआय, पुढे त्याची गाठ ज्या विषयाशी पडणार आहे, तो विषय नेमका हाच आहे. म्हणून ६१ विसरून सगळ्यांनी त्या ४१ कडे पाहावे, असे मी म्हणेन.

गुणपडताळणीत सर्व उत्तरे तपासली गेली आहेत का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढेच पाहिले जाते. संपूर्ण पेपर पुन्हा तपासून हवा असेल तर पुनर्मूल्यांकन करावे लागते आणि त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेणे अनिवार्य आहे. छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो. हे सगळे अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावरून होतात आणि पडताळणी व छायाप्रतीसाठी निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून साधारण पंधरवडाभर मुदत असते, तेव्हा शाळेत विचारून तारीख आजच पक्की करा. माझा सल्ला असा की फक्त गणिताची छायाप्रत मागवा आणि ती गुण वाढतील या आशेने मागवू नका. ती घेऊन मुलाने आपल्या गणिताच्या शिक्षकांकडे जावे आणि गुण कुठे गेले ते दोघांनी ओळीने पाहावे. बीजगणित आणि भूमिती हे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर असतात आणि उरलेले वीस गुण अंतर्गत असतात, त्यामुळे लेखी पेपरात नेमके काय झाले, हे ४१ या आकड्यावरून कळत नाही. भूमितीची सिद्धता न लिहिता जागा तशीच कोरी सोडणारा मुलगा वेगळा आणि सगळी उदाहरणे सोडवून चिन्हांत आणि आकडेमोडीत गुण घालवणारा मुलगा वेगळा. पहिल्याला कोणीतरी पुन्हा शिकवावे लागते, दुसऱ्याला रोज अर्धा तास सराव पुरतो. तुमचा मुलगा यातला कोणता आहे, हे कळले तर प्रवेशापर्यंतच्या दीड-दोन महिन्यांत पुष्कळ काही करता येईल. सर्व विषयांत उत्तीर्ण झालेल्यांना गुण वाढवण्यासाठी पुन्हा परीक्षेला बसण्याची श्रेणीसुधार योजना आहे खरी, पण त्याला सायन्सला जायचेच नसेल, तर केवळ भावकीसाठी पुन्हा परीक्षा द्यायला लावू नका.

(हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात एक-दोन विषय राहिले असतील, तर त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की आता पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्येच होते आणि एक किंवा दोन विषय राहिलेल्या विद्यार्थ्यांना एटीकेटीच्या सवलतीतून अकरावीला प्रवेश घेता येतो. ऑक्टोबरच्या काळासारखे वर्ष हातचे जात नाही.)

डोनेशनच्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट ‘नको’ असे आहे. पैसे भरून सायन्सची जागा मिळेलही, पण त्यानंतर दोन वर्षे गणित आणि भौतिकशास्त्र शिकायचे आहे ते मुलाला, आणि त्याला तिथे जायचे नाही असे तो स्वतः सांगतो आहे. त्यातच कॉलेज नावापुरते ठेवून दिवसभर क्लासमध्ये बसवणाऱ्या महागड्या योजनांचा मोह पुढे होणारच. यजमानांना खरोखर मुलगा इंजिनिअर झालेला पाहायचा असेल, तर त्याने निवडलेली वाटही तिथे पोहोचते. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका घेतली की पदवी अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. आयटीआयचा दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या मुलालाही पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. उद्यमनगरातल्या माणसाला मी हे सांगावे असे नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्री आणि मशिनशॉपमध्ये पदविका आणि आयटीआय केलेली माणसे काय काम करतात, हे यजमान रोज पाहत असतील. ज्यांच्या हाताखाली टर्नर आणि फिटर घडले, त्यांना स्वतःच्या मुलाने आयटीआयचे नाव काढल्यावर लाज का वाटावी, हा प्रश्न त्यांनी शांतपणे स्वतःला विचारावा, अशी माझी विनंती आहे.

मात्र मुलाच्या बाजूनेही एक गोष्ट तपासून घ्यायला हवी. त्याला लेथ आवडतो, की लेथपाशी उभे असलेले वडील आवडतात? लहानपणापासून ज्या मुलाला वडिलांचा सहवास फक्त वर्कशॉपमध्येच मिळाला, त्याला ती जागा हवीहवीशी वाटणारच आणि त्यात वाईट काही नाही. पण त्यावर तीन वर्षांचा अभ्यासक्रम निवडू नये. दोन आठवडे त्याला वर्कशॉप उघडल्यापासून बंद होईपर्यंत तिथे राहू द्या. वय लहान आहे, म्हणून मशिन चालवायला नव्हे. ड्रॉइंग वाचायला, व्हर्निअरने मापे घ्यायला, माप चुकलेला जॉब बाजूला काढून तो का चुकला हे विचारायला आणि संध्याकाळी लोखंडाचा कीस झाडायला. ड्रॉइंगवरची मापे जुळवताना त्याला त्रिकोणमिती भेटेल आणि तिथे ती कशासाठी लागते, हे त्याच्या डोळ्यांना दिसेल. दोन आठवड्यांनी त्याला कंटाळा आला असेल, तर तेही कळणे फायद्याचेच आहे. कॉमर्स आणि आर्ट्सच्या वाटा मोकळ्याच आहेत आणि मराठी व सामाजिक शास्त्रांत ६८ गुण मिळवणाऱ्या मुलाने त्यांचा विचारच करू नये, असे काही नाही. कंटाळा आला नाही, तर एक दिवस तिघांनी मिळून विद्यानगरातले शासकीय तंत्रनिकेतन आणि कळंबा रस्त्यावरची आयटीआय प्रत्यक्ष पाहून या. तिथल्या कार्यशाळेत काय शिकवतात, हे मुलाला विचारू द्या. तुम्ही दोघांनी शुल्क, मागच्या वर्षी कोणत्या गुणांवर प्रवेश थांबले आणि लागणारे दाखले एवढेच विचारा.

पदविका, आयटीआय आणि अकरावी या तिन्हींच्या प्रवेशप्रक्रिया वेगवेगळ्या आहेत, म्हणून तिन्ही ठिकाणी वेळेत नोंदणी करा आणि अकरावीचा अर्ज हाताशी असू द्या. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात एकाच ऑनलाइन प्रक्रियेने होऊ लागले आहेत आणि त्या अर्जात दहापर्यंत महाविद्यालयांचे पसंतीक्रम देता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जाते. त्यामुळे भावकीला सांगायला बरे म्हणून कोणतेही नाव पहिल्या क्रमांकावर टाकू नका. पदविकेचा प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशफेरीतूनच (कॅप) घ्या. तुम्हाला लागू असतील त्या शुल्कसवलती, उदाहरणार्थ वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठीची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, त्या फेरीतून प्रवेश घेतलेल्यांना मिळतात. हे सर्व अर्ज भरताना संगणकापुढे मुलगा बसेल आणि तुम्ही दोघे त्याच्या बाजूला बसाल, असे करा. पसंतीक्रम पक्का करण्यापूर्वी एक रात्र मध्ये जाऊ द्या.

गल्लीच्या तोंडाचा फलक उतरवायला कोणाला सांगू नका. ज्या मुलाने ९४ टक्के मिळवले, त्याचे कौतुक व्हायलाच हवे, आणि तुम्ही पेढे घेऊन त्याच्या घरी जाऊन आला नसाल तर जरूर जा. पण आज संध्याकाळी किटली उचला आणि मुलाला म्हणा, ‘चल, दूध आणायला मी येते तुझ्याबरोबर.’ फलकाखालून जाताना काही बोलण्याची गरज नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढेपर्यंत थांबावे लागते. तेवढा वेळ त्याच्याजवळ नुसते उभे राहा.

एक काम मात्र आठवड्याच्या आत करायला हवे. मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे पडताळणीसाठी वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो त्याच फाइलमध्ये असणार आणि प्रवेशाच्या गडबडीत ‘बाबांच्या फाइलमधून दाखला काढून आण’ असे तुम्ही किंवा कोणीतरी मुलालाच सांगणार. फाइल त्याच्या हाती पडण्यापूर्वी यजमानांनी त्याच्याशी बोललेले असावे. हे वाक्य त्यांना वाचून दाखवायचे असेल, तर माझी हरकत नाही.